फॉगबँक: एकदा बनवलेली वस्तू पुन्हा बनवता न आल्याची केस

मी केमिकल प्लांटमध्ये प्रॉडक्शनला २२ वर्षं काढली, त्यामुळे ही केस वाचताना मला क्षेपणास्त्रं वगैरे फारशी दिसलीच नाहीत, डोळ्यासमोर येत होती ती बॅचशीट, म्हणजे मालाच्या एका घाण्याची नोंद ठेवायचा कागद. अमेरिकेने आपल्या अण्वस्त्रांसाठी फॉगबँक नावाचा एक पदार्थ १९७५ ते १९८९ अशी १४ वर्षं बनवला, गरज संपली म्हणून बंद केला, आणि २००० साली पुन्हा बनवायला घेतला तर जमेना. पैसा होता, देशातल्या सगळ्यात हुशार लॅब हाताशी होत्या, तरी जमेना. त्या सगळ्याचा शेवट ज्या कारणापाशी झाला ते कारण इतकं ओळखीचं निघालं की मी तो भाग ३ वेळा वाचला. त्यात काम करणाऱ्या माणसांची नावं घेत नाही, कोण कुठल्या खुर्चीत होतं एवढं पुरे आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या अण्वस्त्रांचा विषय निघाला की आपण आकड्यांवर जातो. १९६७ मध्ये त्यांच्या साठ्यात ३१,२५५ वॉरहेड, म्हणजे प्रत्यक्ष फुटणारे अणुबॉम्ब, होती, सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने स्वतः जाहीर केलेला आकडा ३,७४८ आहे. हा साठा ३ पायांवर उभा आहे, जमिनीतल्या सायलोंमध्ये, म्हणजे विहिरीसारख्या खोल खड्ड्यांमध्ये, ४०० मिनिटमन-३ क्षेपणास्त्रं, समुद्रात ओहायो वर्गाच्या १४ पाणबुड्या आणि आकाशात बी-५२ व बी-२ बॉम्बर. यातला समुद्राचा पाय सगळ्यात भरवशाचा मानतात, कारण खोल पाण्यातली पाणबुडी शोधून काढणं जवळपास अशक्य. या पाणबुड्यांवर ट्रायडंट-२ क्षेपणास्त्रं असतात आणि त्यांच्या टोकाला २ जातींची वॉरहेड बसतात, डब्ल्यू-७६ आणि डब्ल्यू-८८. संख्येने मोठं ते डब्ल्यू-७६.

डब्ल्यू-७६ लॉस अलामोसच्या सरकारी अण्वस्त्र लॅबने डिझाइन केलं आणि ते १९७८ ते १९८७ या काळात बनलं. ताकद १०० किलोटन. हिरोशिमावरचा बॉम्ब साधारण १५ किलोटनचा होता म्हणजे हे एक वॉरहेड त्याच्या साडेसहापट, आणि एका क्षेपणास्त्रावर अशी अनेक बसतात. मला मनापासून वाटतं की असली वस्तू पृथ्वीवर नसावी. पण आहे, आणि आहे तोवर तिच्या आत काय आहे, ते कुणी बनवलं आणि त्या माणसाला ते का चालतं हे माहीत होतं का, हे विचारायलाच पाहिजे असंही वाटतं.

आता मुख्य गोष्ट. ही वॉरहेड बनवताना त्यांचं आयुष्य साधारण २० वर्षं धरलेलं होतं. शीतयुद्ध संपलं, २३ सप्टेंबर १९९२ ला अमेरिकेने शेवटची अणुचाचणी केली आणि नंतर चाचण्याच थांबवल्या, नवीन डिझाइनही थांबली. मग जुनी वॉरहेड जगवायची कशी? तर ती परत आणायची, टेक्सासमध्ये अमरिलोजवळ पँटेक्स म्हणून कारखाना आहे तिथे उघडायची, आतले म्हातारे झालेले भाग बदलायचे आणि पुन्हा बंद करून नौदलाला द्यायची. याला ते लाइफ एक्स्टेन्शन म्हणतात. १९९६ मध्ये साठ्यातली बरीच वॉरहेड एकतर दुरुस्त करायची नाहीतर मोडीत काढायची असं धोरण ठरलं, आणि २००० मध्ये डब्ल्यू-७६ चा प्रोग्रॅम सुरू झाला. २० वर्षांचं आयुष्य ६० वर्षांवर न्यायचं होतं. चालवणारी संस्था होती नॅशनल न्यूक्लिअर सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे ऊर्जा खात्याखालची अण्वस्त्रांची संस्था, हिला पुढे नुसतं एनएनएसए म्हणते.

बदलायच्या भागांमध्ये एक पदार्थ होता ज्याचं सांकेतिक नाव फॉगबँक. तो नेमका कशाचा बनलाय आणि आत काय काम करतो हे आजही गुप्त आहे. बाहेरच्या अभ्यासकांचा अंदाज असा की तो एरोजेलसारखा अगदी हलका, सच्छिद्र पदार्थ असावा आणि वॉरहेडच्या २ टप्प्यांच्या, म्हणजे आधी फुटणारा भाग आणि त्याच्यामुळे पेटणारा दुसरा भाग यांच्या, मधल्या जागेत बसत असावा. केसपुरतं एवढंच लागतं की तो नाही तर वॉरहेड नाही.

अडचण कुठून सुरू झाली

फॉगबँक बनायचा टेनेसी राज्यात ओक रिजच्या वाय-१२ या कारखान्यात. हा कारखाना १९४३ चा, हिरोशिमाच्या बॉम्बचं युरेनियम इथेच समृद्ध झालं होतं. तिथल्या ९४०४-११ नंबरच्या इमारतीत हा पदार्थ बनवायचे. १९८९ मध्ये शेवटचा माल निघाला आणि इमारत बंद झाली. १९९३ पर्यंत तिची विल्हेवाट लावायच्या यादीत नोंद झाली होती. उरला फक्त एक छोटा पायलट प्लांट, ज्यात पूर्वी चाचणीसाठी लहान बॅच काढायचे.

२००० मध्ये प्रोग्रॅम सुरू करताना एनएनएसएच्या लोकांना २ गोष्टी कळल्या. एक म्हणजे १९८० च्या दशकात हा पदार्थ बनत असताना प्रक्रियेची कागदपत्रं फारच थोडी ठेवली गेली होती. दुसरी म्हणजे ज्यांना हे काम येत होतं त्यातले जवळपास सगळे निवृत्त झाले होते किंवा सोडून गेले होते.

इथे मला थांबायचंय. आपण म्हणतो अमेरिकेसारखा देश, अण्वस्त्रासारखी वस्तू, तिथे तर पानन्‌पान जपलं असेल. पण प्रॉडक्शनला काम केलेल्या कुणालाही विचारा, बॅचशीटवर काय लिहिलेलं असतं? तापमान, दाब, वेळ, किती किलो घातलं, कुणाची सही. ऑपरेटर तिसऱ्या तासाला झाकणाच्या काचेतून टॉर्च मारून बघतो आणि "अजून १० मिनिटं ठेवू" म्हणतो ते कुठे लिहिलेलं असतं? ते लिहायचं असतं हेच कुणाच्या डोक्यात नसतं, कारण तो रोज असतोच की तिथे. आणि गुप्त कामात तर हे अजून वाईट, कारण ज्याला जेवढं गरजेचं तेवढंच सांगायचं हा तिथला नियम, म्हणजे पूर्ण चित्र एकाही माणसाकडे नाही.

काय काय पर्याय होते

कागदावर बघितलं तर एनएनएसएने २००० मध्ये धोका ओळखला होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. फॉगबँक हाच प्रोग्रॅममधला मोठा धोका आहे हे त्यांना माहीत होतं आणि त्यावर त्यांनी ३ उपाय ठरवले होते.

पहिला, नवीन प्लांट लवकर बांधायचा म्हणजे खरं प्रॉडक्शन सुरू व्हायच्या आधी ट्रायलला आणि चुका निस्तरायला वेळ मिळेल. दुसरा, मोठा प्लांट बांधून होईपर्यंत तो जुना पायलट प्लांट चालवायचा आणि त्यावर हात बसवून घ्यायचा. तिसरा, फॉगबँकच्या ऐवजी दुसरा, स्वस्त आणि बनवायला सोपा पदार्थ चालतो का बघायचं.

मला विचाराल तर ३ही उपाय शहाण्या माणसाने ठरवलेले वाटतात. पण ३ही अंमलात नीट आले नाहीत, आणि प्रत्येक ठिकाणी का आले नाहीत ते वेगवेगळं आहे.

पर्यायी पदार्थाचं आधी बोलते, कारण खरा निर्णय तिथे झाला. दुसरा पदार्थ घालायचा तर तो अगदी फॉगबँकसारखाच वागेल याची खात्री पाहिजे. पूर्वी अशी खात्री नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली स्फोट करून व्हायची. १९९२ नंतर तो रस्ता बंद. मग राहिलं कॉम्प्युटर सिम्युलेशन, आणि तेव्हाची लॉस अलामोसची मॉडेल्स एवढी पक्की नव्हती की छातीठोकपणे सांगता येईल. त्यामुळे तो पर्याय बाजूला पडला, आणि बाजूला पडायला दुसरं कारण होतं ते असं की फॉगबँक आपण पूर्वी बनवलाय तर आताही बनवूच, असा विश्वास होता. हे वाक्य अमेरिकेच्या संसदेच्या हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या, म्हणजे जीएओच्या, मार्च २००९ च्या अहवालात थोड्या सरकारी भाषेत आहे, पण अर्थ हाच.

पहिलं कारण तांत्रिक आहे आणि ते मला पटतं. चाचणी करता येत नसेल तर ओळखीच्या पदार्थाला चिकटून राहणं बरोबरच, आणि चाचणी परत सुरू न करणं हे तर त्याहून बरोबर. दुसऱ्या कारणापाशी मात्र मी अडते. "आपण" बनवलाय म्हणजे कुणी? ज्यांनी बनवला ते घरी गेले होते. संस्थेचं नाव, गेटवरची पाटी तीच होती, एवढ्यावरून हात तेच आहेत असं धरलं गेलं.

तारखा घसरत गेल्या तशी अजून एक मोठी वाट चर्चेत होती, तीही सांगून टाकते. जुनं वॉरहेड दुरुस्त करण्यापेक्षा नवीन, सोप्या सामानाचं वॉरहेडच बनवायचं, त्याला रिलायबल रिप्लेसमेंट वॉरहेड म्हणत होते. मार्च २००७ मध्ये लिव्हरमोर या दुसऱ्या अण्वस्त्र लॅबचं डिझाइन त्यासाठी निवडलंही गेलं आणि ते पाणबुडीसाठीच होतं. असले त्रासदायक पदार्थ नव्या डिझाइनमध्ये लागणारच नाहीत हा त्या बाजूचा एक युक्तिवाद होता. संसदेने पैसे दिले नाहीत आणि २००९ मध्ये तो विषय संपला. माझ्या मते बरं झालं, कारण चाचणी न करता नवीन वॉरहेड म्हणजे पुढेमागे कुणीतरी चाचणी मागणार हे ठरलेलं.

प्रत्यक्षात काय केलं

नवीन प्लांट बांधायला घेतला. वेळापत्रक पहिल्यापासूनच ताणलेलं, अनपेक्षित काही झालं तर त्याला जागाच ठेवली नव्हती. बांधकाम लांबलं. सुरक्षेचे नियमही १९८० च्या मानाने कडक झाले होते आणि व्हायलाच हवे होते, कारण या प्रक्रियेत अॅसिटोनायट्राइल नावाचं सॉल्व्हंट वापरतात, ते विषारी, लगेच उडून जाणारं आणि पेट घेणारं. नुसत्या मार्च २००६ या एका महिन्यात तिथे ३ वेळा लोकांना बाहेर काढावं लागलं. ज्यांनी सॉल्व्हंटवाल्या प्लांटमध्ये काम केलंय त्यांना हे चित्र लगेच दिसेल, अलार्म वाजतो, हातातलं सोडून सगळे असेंब्ली पॉइंटला उभे, हजेरी घेतली जाते, आणि मागे बॅच तशीच अर्धवट.

बांधकामाने वेळ खाल्ला तेव्हा छाटला गेला तो ट्रायलचा वेळ. पायलट प्लांटवर शिकून घ्यायचं ठरलेलं होतं तेही ठरल्याप्रमाणे झालं नाही. म्हणजे मोठा प्लांट उभा राहिला तेव्हा तो चालवणाऱ्यांनी हा पदार्थ कधी धड बनवलेलाच नव्हता.

मग सुरू झालं ते अपयशाचं सत्र. माल निघायचा पण टेस्टला पास व्हायचा नाही. तेव्हा लोकांनी नव्या प्लांटचं डिझाइन पुन्हा जुन्याशी ताडून पाहिलं आणि लक्षात आलं की जुन्या डिझाइनच्या नोंदी कितीतरी ठिकाणी मोघम होत्या आणि नवीन काही मशिनरी जुन्याशी "समतुल्य" होती पण तीच नव्हती. कागदावर हे फरक किरकोळ वाटले होते, प्लांट चालायला लागल्यावर तेच डोकं वर काढायला लागले.

मार्च २००७ मध्ये एकदाची प्रक्रिया जमली असं वाटलं. पण तयार मालात पुन्हा दोष निघाले. सप्टेंबर २००७, म्हणजे ज्या महिन्यात पहिलं दुरुस्त वॉरहेड नौदलाला द्यायचं होतं तोच महिना, त्या महिन्यात एनएनएसएने फॉगबँकला "कोड ब्ल्यू" जाहीर केलं. हॉस्पिटलमध्ये पेशंटचं हृदय थांबलं की ओरडतात तोच शब्द. हातातलं बाकी काम मागे, हे आधी. आता एकावेळी एक बदल करून निकाल बघत बसायला वेळच नव्हता, म्हणून एकाच वेळी अनेक ठिकाणी बदल करून बॅच काढायच्या असं चालू झालं. शिवाय जो पर्यायी पदार्थ २००० मध्ये सोडून दिला होता तोही आता २ कोटी ३० लाख डॉलर घालून शोधायला घेतला.

२००८ मध्ये माल पास झाला. सप्टेंबर २००८ मध्ये पहिलं दुरुस्त वॉरहेड तयार झालं, ठरल्यापेक्षा १ वर्ष उशिरा. फॉगबँकच्या भानगडीपायी जीएओच्या हिशेबाने ६ कोटी ९० लाख डॉलर जादा गेले.

आणि कारण काय निघालं

हा भाग मी ३ वेळा वाचला तो.

नव्या टीमला काही बॅचमध्ये एक विशिष्ट दोष दिसत होता. जुन्या नोंदी चाळताना कळलं की असाच त्रास जुन्या टीमलाही अधूनमधून व्हायचा. मागे मागे जात शोध घेतला तेव्हा सगळं येऊन थांबलं कच्च्या मालापाशी. नव्या काळात तो कच्चा माल प्रक्रियेत जायच्या आधी जास्त चांगला साफ होत होता, ही सफाईची पायरी १९८० च्या दशकात नव्हती. जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, ती तशीच प्रक्रियेत जायची, आणि फॉगबँकला जो गुण पाहिजे तो त्या अशुद्धीमुळे येत होता. नव्या लोकांनी ती धुऊन टाकली होती, चांगल्या हेतूने, गुणवत्ता सुधारायला.

जुन्या कारागिरांनी हे लपवून ठेवलेलं नव्हतं बरं का. त्यांनाही माहीत नव्हतं. १४ वर्षं माल पास होत होता आणि का होत होता हे पास करणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. म्हणजे समजा सगळे म्हातारे परत बोलावले असते, सगळे कागद सापडले असते, तरी ही गोष्ट त्यांच्यात सरळ लिहिलेली मिळाली नसती.

आता माझं सांगते, म्हणजे मला हे एवढं का लागलं ते कळेल. आमच्या इथे एक इंटरमिजिएट, म्हणजे शेवटच्या मालाच्या आधीचा मधला पदार्थ, स्फटिक करून काढायचो. क्रिस्टलायझरवर एक जुने ऑपरेटर होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते रिटायर झाले, ७-८ महिन्यांनी परचेसने सॉल्व्हंटचा सप्लायर बदलला, नवीन माल चढ्या शुद्धतेचा, सगळे खूश. आणि बॅच बसेनात. स्फटिक धरायचेच नाहीत, नुसतं दुधासारखं पांढरं पाणी फिरत राहायचं. ९ दिवस आम्ही तापमान बदललं, ढवळण्याचा वेग बदलला, बी म्हणून जुने स्फटिक टाकून पाहिले. शेवटी मी काकांच्या गावी फोन लावला, ते म्हणाले, "मॅडम, पावसाळ्यात त्याला काय करायलाच लागत नाय, आपसूक धरतो. शिमग्याच्या आसपास मात्र रडवायचा, तेव्हा मी जरा जास्त वेळ उघडा ठेवायचो." झाकण उघडं ठेवायचे म्हणजे हवेतला ओलावा आत जायचा. सॉल्व्हंटमध्ये किंचित पाणी लागत होतं आणि नवीन सॉल्व्हंट कोरडं ठणठणीत होतं. काकांना पाण्याचं माहीत नव्हतं, त्यांना शिमगा माहीत होता. आणि सॉल्व्हंटची टाकी उघडी ठेवणं सेफ्टीच्या दृष्टीने चूकच, त्यामुळे ते कुठल्या कागदावर येणं शक्यच नव्हतं.

आमचे ९ दिवस गेले, त्यांची ८ वर्षं, आणि त्यांच्याकडे फोन लावायला शिमगा सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

निष्पन्न काय झालं

सरळ बघितलं तर काम झालं. कारण कळल्यावर नवीन टीमचा ताबा जुन्या टीमपेक्षा जास्त बसला, कारण आता ती अशुद्धी नशिबावर नव्हती, मोजून ठेवता येत होती. ही मोठी गोष्ट आहे, हे काम करणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, डेडलाइन डोक्यावर असताना "चाललंय ना, मग चालू दे" न म्हणता मुळापर्यंत जाणं सोपं नसतं. डब्ल्यू-७६ चं दुरुस्तीचं काम डिसेंबर २०१८ मध्ये पूर्ण झालं.

मधल्या काळात मात्र नौदलाला जुन्या भागांची वॉरहेड ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवावी लागली, आणि मे २००९ मध्ये सुद्धा आपल्याला अजून एकही दुरुस्त वॉरहेड मिळालं नाही असं नौदलाचा प्रवक्ता सांगत होता. कारखान्यात तयार झालं आणि गिऱ्हाइकाच्या हातात पडलं यातला हा फरक. डिस्पॅच बघणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

वेगळं काय करता आलं असतं

माझ्या नजरेत निर्णयाच्या जागा ३ होत्या आणि लोक सहसा शेवटचीच बघतात.

पहिली १९८९ ते १९९३ ची. प्लांट बंद करणं चूक नव्हतं, गरज नसताना विषारी सॉल्व्हंटचा प्लांट कोण चालू ठेवेल, आणि बॉम्ब कमी होतायत ही आनंदाचीच गोष्ट होती. पण बंद करताना ६ महिने देऊन जुन्या ऑपरेटरांना समोर बसवून शेवटच्या ५-१० बॅच त्यांच्याकडून तोंडी सांगत सांगत काढून घेतल्या असत्या, सगळं चित्रित करून ठेवलं असतं, तर? अशुद्धीचं कारण त्यांना सांगता आलं नसतं, पण "अमुक लॉटचा माल आला की त्रास होतो" हे कुणीतरी नक्की बोललं असतं. एवढीच खूण पुढे पुरते. आणि कच्च्या मालाचा प्रत्येक लॉटचा किलोभर नमुना सीलबंद ठेवणं, याला तर काहीच खर्च नाही. आम्ही औषधाच्या कच्च्या मालाला रिटेन सॅम्पल ठेवतो ते याचसाठी. जुना नमुना आणि नवा नमुना शेजारी ठेवून तपासला असता तर फरक पहिल्या महिन्यात दिसला असता, माझी खात्री आहे.

दुसरी जागा २००० ची, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे "जमेल" हे गृहीत धरलं. त्याऐवजी पायलट प्लांटवर १ पास बॅच काढून दाखवा, मग मोठ्या प्लांटचं डिझाइन पक्कं करू, अशी अट घातली असती तर? पायलट प्लांट उभा होता, तो बांधायचा नव्हता! तिथे २००१-२००२ मध्ये बॅच फेल झाल्या असत्या तर त्या स्वस्तात फेल झाल्या असत्या, आणि पर्यायी पदार्थावरचं काम ५-६ वर्षं आधी सुरू करायला कारण मिळालं असतं. याच्या विरुद्ध कुणी म्हणेल की लहान प्लांटवर जमलं ते मोठ्यावर जमेलच असं नाही. बरोबर आहे, स्केलअपमध्ये आम्हीही मार खाल्लाय. पण लहानावर जमत नाही ते मोठ्यावर जमत नाही हे तर नक्की ना.

याच जागेला जोडून अजून एक. उपाय ३ होते पण ते एकमेकांना आधार देणारे नव्हते. प्लांट लांबला की ट्रायल आपोआप कापली जाणार, आणि ट्रायल कापली की पायलटवर शिकायलाही माणसं मोकळी नाहीत. म्हणजे ३ दोर बांधले खरे पण तिन्ही एकाच खुंटीला, ती खुंटी म्हणजे ती सप्टेंबर २००७ ची तारीख. तारीख हलवायची परवानगी असलेला एकच माणूस सगळ्या कामावर हवा होता, तसा तिथे नव्हता.

तिसरी जागा म्हणजे ती कच्च्या मालाची सफाई. ती पायरी कुणी घातली, केव्हा घातली, कुणाला विचारलं? बदल सुधारणेचा असला की त्याला कुणी आडवं येत नाही. आमच्याकडे नियम आहे की कच्च्या मालात कुठलाही बदल, चांगला असो वा वाईट, आधी लॅबला मग एका ट्रायल बॅचला. हा नियम सॉल्व्हंटच्या वेळी आमच्याकडेही कागदावर होता आणि "शुद्धच तर आहे" म्हणून कुणी पाळला नव्हता, मीही सही केली होती. म्हणून या जागी मी त्यांना फार बोलू शकत नाही.

कोड ब्ल्यूमध्ये एकाच वेळी अनेक बदल केले त्यावर टीका होऊ शकते, आणि शुद्ध प्रयोगाच्या दृष्टीने ते चूकच. पण त्या दिवशी दुसरं काही करण्यासारखं राहिलं नव्हतं असं मला वाटतं. तो दोष २००७ चा धरू नये, तो २००० चा आहे.

हे आता का लिहिलं

कारण तेच काम पुन्हा, याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालू आहे. मिनिटमनच्या जागी सेंटिनेल क्षेपणास्त्र येतंय, जुलै २०२४ मध्ये त्याचा अंदाज १४,०९० कोटी डॉलरवर गेला, २०२० च्या अंदाजापेक्षा ८१ टक्के जास्त. ओहायोच्या जागी कोलंबिया वर्गाच्या १२ पाणबुड्या, बी-२१ बॉम्बर, पाणबुडीसाठी डब्ल्यू-९३ नावाचं नवीन वॉरहेड. अमेरिकी संसदेच्या बजेट कार्यालयाने एप्रिल २०२५ मध्ये २०२५ ते २०३४ या १० वर्षांचा अंदाज ९४,६०० कोटी डॉलर काढला. एवढ्या पैशात काय काय झालं असतं हा विचार मनात येतोच, आणि तो यायलाच हवा.

पण मला बघायचंय ते प्लुटोनियमच्या पिटचं. पिट म्हणजे वॉरहेडच्या गाभ्यातला प्लुटोनियमचा गोळा. हे कोलोरॅडोमध्ये रॉकी फ्लॅट्सला बनायचे आणि तिथलं काम कधी थांबलं, तर १९८९ मध्ये, ज्या वर्षी फॉगबँक थांबला त्याच वर्षी. त्यानंतर २००७ ते २०११ या काळात लॉस अलामोसने मिळून २९ पिट बनवले, जास्तीत जास्त म्हणजे एका वर्षात ११. कायद्याने २०३० पर्यंत वर्षाला ८० बनवायची क्षमता मागितलीय, लॉस अलामोसला ३० आणि साउथ कॅरोलायनात सव्हाना रिव्हरला ५०. २०३० ला ८० होत नाहीत हे एनएनएसएने स्वतः मान्य केलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस अलामोसमधून साठ्यासाठी मंजूर झालेला पहिला नवा पिट निघाला, आणि सव्हाना रिव्हरच्या ज्या इमारतीत बाकीचे ५० बनायचेत तिथे अजून एकही निघालेला नाही.